माफ करण्याआधी हिशेब तर मागा!

‘मला काही नको, माझं माहेर तेवढं राहू दे.’ आपल्याकडे कुठल्याही गावात, कुठल्याही धर्माच्या घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. वडील गेले, दिवसपाणी झालं की तलाठ्याकडे वारस लावायची घाई सुरू होते. मग बहिणींना बोलावणं जातं. चहा होतो, जुन्या आठवणी निघतात आणि हळूच एक कागद पुढे येतो. ‘इथं सही कर, बाकी काही नाही.’ ती न वाचता सही करते. मुस्लिम घरात याला ‘हक माफ केला’ म्हणतात, हिंदू घरात ‘हक्कसोड’. शब्द वेगळे, सही तीच.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, पण मुस्लिम बहिणीच्या बाबतीत धर्माने आणि कायद्याने तिचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवला आहे. तो कमी आहे की पुरेसा, यावर वाद जरूर घालता येईल, आणि तो पुढे येणारच आहे. पण जो आहे, तो तरी तिच्या हातात पडतो का? बहुतेक वेळा नाही. तो कायदा काढून घेत नाही, रीत काढून घेते. म्हणूनच मैत्रिणींनो, आज जरा हिशेबाची वही उघडूया. तुम्ही मुस्लिम असाल तर स्वतःसाठी वाचा, नसाल तर शेजारच्या आपाला सांगण्यासाठी वाचा.

मुलींसाठी आलेला नियम

कुराणातल्या चौथ्या अध्यायाचं नावच ‘अन्-निसा’ म्हणजे ‘स्त्रिया’ असं आहे. त्यातल्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत वारसांचे हिस्से अपूर्णांकांत दिले आहेत. त्यामागे एक प्रसंग सांगितला जातो. इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत साद बिन रबी हे मदिनेचे गृहस्थ मारले गेले. मागे बायको आणि दोन मुली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे गेली आणि म्हणाली, पैशाशिवाय या मुलींची लग्नं कशी व्हायची? त्यानंतर निवाडा झाला तो असा : मुलींना मिळून दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश आणि उरेल ते भावाला.

लक्षात घ्या, एक बाई दाद मागायला गेली म्हणून हा हिशेब मांडला गेला, असं ही परंपराच सांगते. मग आज हिस्सा मागणारी बहीण ‘लालची’ कशी ठरते?

हिशेब कसा होतो?

भारतात बहुसंख्य मुस्लिम सुन्नी हनफी पंथाचे आहेत. कोकणात शाफई पंथही आहे, पण आई, पत्नी, मुलगा, मुलगी यांचे हिस्से तिथेही सारखेच आहेत. आपण एक साधं उदाहरण घेऊ.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराचं निधन झालं. मागे म्हातारी आई, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. घर, दुकान, बँकेतले पैसे सगळं धरून किंमत २५ लाख रुपये. या सगळ्याला ‘तरका’ म्हणतात. पण लगेच वाटणी नाही. आधी दफनविधीचा खर्च आणि देणी बाजूला काढायची. आणि या देण्यात पत्नीचा न दिलेला मेहरही येतो. तो बायकोवर उपकार म्हणून द्यायचा नसतो, ते नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं. विधवेचा मेहर आणि तिचा वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिला म्हणून दुसरा बुडत नाही. समजा, मेहर आणि इतर देणी मिळून एक लाख गेले. उरले २४ लाख.

आता वाटणी. मुलंबाळं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. आईला सहावा हिस्सा, म्हणजे ४ लाख. हो, आईलाही! मुलाच्या मालमत्तेत आईचा ठरलेला हिस्सा असतो, हे पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. उरले १७ लाख. त्याचे चार भाग करायचे, मुलाचे दोन आणि प्रत्येक मुलीचा एक. म्हणजे मुलाला साडेआठ लाख, दोन्ही मुलींना सव्वाचार-सव्वाचार लाख. झाला हिशेब.

मूलबाळ नसेल तर पत्नीचा हिस्सा आठव्यावरून चौथ्यावर जातो. बायका एकापेक्षा जास्त असतील तर तोच आठवा किंवा चौथा हिस्सा त्यांनी आपसांत वाटून घ्यायचा.

आणि मुलगा नसेल तर? एकच मुलगी असेल तर तिला निम्मा हिस्सा, दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. हेच २४ लाख धरा. पत्नी, दोन मुली आणि मयताचा सख्खा भाऊ मागे असेल तर पत्नीला ३ लाख, मुलींना प्रत्येकी ८ लाख आणि भावाला ५ लाख. शिया पंथात मात्र मुली असताना काकाला काहीच मिळत नाही, सगळं मुलींकडे वळतं. तेव्हा आपलं घर कुठल्या पंथाचं, हे आधी विचारून घ्यावं.

आई, वडील, नवरा, बायको, मुलगा आणि मुलगी, या सहा नात्यांना दुसरा कोणीही वारस पूर्ण बाजूला सारू शकत नाही. मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या लग्नात खर्च झाला, दागिने दिले, तरी तिचा हिस्सा तसाच राहतो. ‘लग्नात सगळं देऊन झालं’ हे वाक्य व्यवहारात चालतं, शरियतमध्ये नाही.

बाईची मालमत्ता बाईचीच

हा झाला पुरुषाच्या मागचा हिशेब. बाईचं स्वतःचं काय? तिचा मेहर, दागिने, शिवणकामाची किंवा नोकरीची कमाई, माहेरून मिळालेला हिस्सा, हे सगळं फक्त तिचं. नवऱ्याचा त्यावर ती जिवंत असताना काडीचा हक्क नाही. तिच्या पश्चात मूल असेल तर नवऱ्याला चौथा हिस्सा आणि मूल नसेल तर निम्मा. तिच्या आईवडिलांचाही त्यात वाटा असतो.

हिंदू मैत्रिणींना हे वाचून आश्चर्य वाटेल. १९३७ साली हिंदू विधवेला कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत जो हक्क मिळाला, तो तिच्या हयातीपुरताच होता. पूर्ण मालकी यायला १९५६ उजाडावं लागलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. मुस्लिम स्त्रीला निम्मा का होईना, पण पूर्ण मालकीचा हिस्सा फार आधीपासून होता. कागदावर!

मुंबईच्या कोर्टात हरलेल्या मुली

‘कागदावर’ असं का म्हटलं, त्याला आपल्या मुंबईचाच दाखला आहे. १८४७ साली खोजा समाजातल्या मुलींचा दावा मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात पोहोचला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्ही मुस्लिम आहोत, तेव्हा कुराणाप्रमाणे आमचा हिस्सा द्या. समाजातल्या पुरुषांचं म्हणणं, आमच्यात पूर्वापार हिंदूंसारखी रीत आहे, मुलींना वारसा मिळत नाही. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. त्यांनी रीत मानली आणि मुली हरल्या. मेमन समाजाच्या बाबतीतही तोच निकाल लागला.

पुढची नव्वद वर्षं अशा अनेक समाजांत ‘आमच्यात रीत नाही’ हेच उत्तर चाललं. अखेर १९३७ साली शरियत कायदा आला. या कायद्याच्या उद्देशांतच नमूद आहे की, मुस्लिम महिलांच्या संघटनांनी रूढीचा कायदा नाकारून शरियत लागू करण्याची मागणी केली होती. म्हणजे हा कायदा बायकांनीही मागून घेतलेला आहे, हे विसरायला नको.

पण त्यातही एक फट राहिली. हा कायदा शेतजमिनीला लागू केला गेला नाही. त्या काळी शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता, शिवाय जमीनदारांना मुलींच्या नावे जमीन जायला नको होती. पुढे तामिळनाडू, केरळसारख्या राज्यांनी दुरुस्ती करून शेतीही त्यात घेतली. उत्तर प्रदेशात जमिनीचा स्वतंत्र कायदा राहिला आणि तिथे विवाहित मुलगी बरीच मागे ढकलली गेली. आपल्याकडे कोणी ‘शेतीत मुलीचा हक्कच नसतो’ असं सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. रीत आहे म्हणणाऱ्याने ती कोर्टात सिद्ध करावी लागते. अशा वेळी तालुक्याच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

सही करण्याआधी

आता रोजच्या व्यवहारातल्या गोष्टी.

पहिली गोष्ट, वडील जिवंत असताना कोणाचाच हिस्सा नसतो. मुस्लिम कायद्यात मुलालाही जन्माने हक्क मिळत नाही. त्यामुळे वडिलांच्या हयातीत बहिणीकडून ‘मी हक्क सोडला’ असं लिहून घेतलं, तर जो हक्क अजून निर्माणच झाला नाही तो सोडणार कसा? असं लिखाण एरवी टिकत नाही. पण त्याबदल्यात तिने पैसे किंवा दुसरा काही मोबदला घेतला असेल, तर पुढे ती अडकू शकते, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा ‘हे घे पन्नास हजार आणि सही कर’ म्हणणाऱ्या भावापासून सावध!

दुसरी गोष्ट, वडील गेले त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या मालकीचा होतो. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही. भाऊ फार तर स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. पण म्हणून वीस वर्षं गप्प बसू नये. फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते. वारसांच्या यादीत आपलं नाव आहे ना, एवढं तरी स्वतः जाऊन पाहावं.

तिसरी गोष्ट, घर-जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही. पण तोंडी बोलण्यालाही हलकं समजू नका. मुस्लिम कायद्यात ‘हिबा’ म्हणजे बक्षीस तोंडीही देता येतं. द्यायचं जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी पूर्ण झाल्या की झालं. लेखी हिबाचीही नोंदणी सक्तीची नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये म्हटलं. चार पाहुण्यांसमोर ‘जा, दिला तुला माझा वाटा’ म्हणाल, आणि घर आधीच भावाच्या ताब्यात असेल, तर उद्या तेच बोलणं तुमच्यासमोर उभं केलं जाऊ शकतं.

चौथी गोष्ट, मृत्युपत्र. मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने जास्तीत जास्त एक तृतीयांश मालमत्ताच देता येते. आणि सुन्नी कायद्यात ती वारसालाच द्यायची असेल, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. तीही मृत्यूनंतर. म्हणजे ‘अब्बांनी सगळं मोठ्याच्या नावावर लिहून ठेवलंय’ हा कागद बहिणींच्या संमतीशिवाय कुचकामी आहे. या नियमाने मुलींचं केवढं तरी रक्षण केलं आहे.

जिथे कायदाच कमी पडतो

इथवर आपण रीतीला दोष दिला. पण सगळा दोष रीतीचाच आहे असंही नाही.

मुलाला दोन आणि मुलीला एक का? पारंपरिक उत्तर असं की, घर चालवायची, बायकोचा मेहर द्यायची, आई-बहिणींना सांभाळायची जबाबदारी पुरुषावर आहे, बाईच्या पैशावर कोणाची जबाबदारी नाही. त्या काळच्या समाजात हे पटण्यासारखं होतं. पण आज? विडी वळून, शाळेत शिकवून, शिलाई मशीन चालवून घर ओढणाऱ्या किती जणी आपल्या आजूबाजूला आहेत! म्हाताऱ्या आईवडिलांचं दवाखान्याचं बघणारी मुलगी आणि वर्षातून एकदा ईदला येणारा मुलगा असंही दिसतंच. जबाबदारी बदलली, मग हिस्सा का बदलू नये, हा प्रश्न मुस्लिम स्त्रियाच विचारत आहेत. महाराष्ट्रात तर ही परंपरा जुनी आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा आहे. सासरे जिवंत असताना तरुण मुलगा गेला, मागे त्याची बायको आणि दोन लहान मुलं. पुढे सासरे वारले आणि त्यांना दुसरा मुलगा असेल, तर या नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेतून वारसा म्हणून काहीही मिळत नाही. जवळचा वारस दूरच्याला बाजूला सारतो, हा नियम. सून तर सासऱ्याची वारस नसतेच. इजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये कायदा करून अशा नातवंडांना हिस्सा दिला. भारतात अजून तशी तरतूद नाही. पण आजोबांच्या हातात उपाय आहे. नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच मृत्युपत्राने एक तृतीयांशपर्यंत त्यांना देता येतं. किंवा जिवंतपणी हिबा करता येतो. विधवा सुनेने आणि तिच्या माहेरच्यांनी हा विषय लाज न बाळगता काढायला हवा. सासऱ्यांचे डोळे मिटल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

आईबापांना काय करता येईल?

ज्या आईवडिलांना मुलीला मुलाइतकंच द्यावंसं वाटतं, त्यांची वाट कायद्याने अडवलेली नाही. जिवंतपणी हिबा करून हवं तेवढं देता येतं. मुलांना भेट देताना सगळ्यांशी न्यायाने वागा, अशी शिकवण हदीसमध्येही आहे. फक्त ताबा खरोखर द्यावा लागतो आणि शेवटच्या आजारपणात केलेल्या हिबाला मर्यादा येते, म्हणून हे काम धडधाकट असतानाच करावं. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेतलेली बरी.

केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी वेगळीच वाट काढली. त्यांना तीन मुली. मुलगा नसल्याने मालमत्तेचा काही भाग भावांकडे जाणार होता. म्हणून ८ मार्च २०२३ रोजी, महिलादिनी, त्यांनी आपल्या पत्नीशीच पुन्हा लग्न केलं, या वेळी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. असं लग्न नोंदवलं की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे जातो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे असतात. काहींनी टीका केली, काहींनी कौतुक केलं. पण मुलींच्या काळजीपोटी बापाने पुन्हा बोहल्यावर चढावं, हे विचार करायला लावणारं नक्कीच आहे.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच सर्वधर्मीयांना एकच वारसा कायदा आहे, तिथे मुस्लिम मुलीलाही मुलाइतकाच हिस्सा मिळतो. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला, त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. या कायद्यांवर मतं वेगवेगळी आहेत. समानता हवी पण ती आमच्याशी बोलून यावी, असं म्हणणाऱ्या मुस्लिम स्त्रियाही आहेत. हा वाद चालू राहील.

पण तो मिटायची वाट बघत आज हातात असलेला हिस्सा सोडायचं कारण नाही. आणि इथेच हिंदू काय, मुस्लिम काय, आपण सगळ्या एका नावेत आहोत. २००५चा कायदा होऊनही किती हिंदू बहिणींनी वाटा घेतला? ‘माहेर तुटेल’ ही भीती दोघींचीही सारखीच.

तेव्हा पुढच्या वेळी कागद पुढे आला, की भांडू नका, रडू नका. शांतपणे एवढंच म्हणा, ‘भाईजान, माझा हिस्सा किती होतो ते आधी सांगा.’ तो कळल्यावर भावाची परिस्थिती बघून सोडावासा वाटला तर खुशाल सोडा, तो तुमचा मोठेपणा. अर्धा ठेवून अर्धा द्या. आईच्या नावे करा. पण आकडा माहीत नसताना केलेली माफी ही माफी नव्हे, ती फसगत. आणि हिशेब विचारला म्हणून जे माहेर तुटतं, ते आधीच किती शाबूत होतं, याचाही एकदा विचार करून बघा.